खाडा

चर्चच्या कपाटात लाल कापडी बांधणीची एक लांबट वही होती. दर रविवारी उपासना संपली की तिच्यात चार रकाने भरायचे: तारीख, उपदेशाचं वचन, दानार्पण, उपस्थिती. १९९१ च्या जूनमध्ये पुण्याच्या सेमिनरीतून ताजाताजा बाहेर पडून मी पाथर्डीकडच्या त्या गावी पाळक म्हणून रुजू झालो, तेव्हा शेवटच्या रकान्यात ८०-९० च्या घरातले आकडे पडत होते. पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी तर ११२ झाले. ते मी लाल शाईनं लिहिले. ही गर्दी आपल्या उपदेशाला होतेय, असं वाटण्याचं ते वय होतं.

दसरा उलटून पंधरा दिवस झाले. रविवारी घंटा वाजवून आत आलो, तर सतरंज्यांवर चौदा माणसं. नऊ म्हातारी आणि पाच पोरं. ढोलकी खुंटीला तशीच, कारण वाजवणाराच नव्हता. मी दहा मिनिटं दाराकडे बघत उभा राहिलो. शेवटी पुढं बसलेल्या आजी म्हणाल्या, "पाळकसाहेब, करा सुरू. आता कुणी यायचं न्हाई. समदी तोडीला गेली. होळीनंतर दिसतील."

नगर जिल्ह्यात ऊसतोड असते हे मला ठाऊक होतं. पण पुस्तकात ठाऊक असावं तसं. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं १९५० साली सहकारी कारखान्याची चिमणी पेटली, मग एकामागून एक कारखाने उभे राहिले. पाटाचं पाणी जिल्ह्याच्या उत्तरेला गेलं. आमच्या पूर्वेकडच्या वाट्याला माळ, कुसळं आणि पावसाची वाट बघणं आलं. मग त्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला माणसं इकडून जाऊ लागली. त्यांत आमची मंडळीही होती. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले. पुढं दुष्काळाच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या वाटेनं ख्रिस्ताची ओळख खेड्यापाड्यांत पोचली. या गावातली ख्रिस्ती घरं त्यातलीच, तीन-चार पिढ्यांची. देव बदलला, पाऊस मात्र बदलला नाही. मराठा, वंजारी, दलित, ख्रिस्ती, सगळ्यांची गाडी एकाच रात्री गावाबाहेर पडायची.

सेमिनरीत आम्हाला 'उपासना म्हणजे काय?' असा प्रश्न दहा गुणांना यायचा. देवाच्या थोरवीला मंडळीनं एकत्र येऊन दिलेला प्रतिसाद, अशी सुरुवात केली की निम्मे गुण हातात. मग क्रम लिहायचा: पाचारण, स्तुती, पापांगीकार, क्षमेची घोषणा, शास्त्रवाचन, उपदेश, मध्यस्थीची प्रार्थना, दानार्पण, आशीर्वाद. तो क्रम मला तोंडपाठ होता. मंडळीच गावात नसेल तर काय करायचं, हे उत्तरपत्रिकेत कधी लिहावं लागलं नव्हतं. मी वहीत १४ लिहिले, मग १३, मग ११. नोव्हेंबर संपता संपता मला त्या रकान्याची लाज वाटू लागली, आणि खरं सांगायचं तर मंडळीचा राग येऊ लागला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पिशवीत पांढरा झगा, शास्त्र, 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाच्या पाच प्रती घेतल्या आणि दोन एसट्या बदलून एका कारखान्याच्या तळावर पोचलो. उजाड रानात शंभर-दीडशे कोप्या. बांबूच्या कामट्या, वर पाचट, त्यावर कुठं ताडपत्री. पुरुषभर उंचीसुद्धा नाही. आत जायचं तर वाकूनच. आमच्या गावाची टोळी शोधत हिंडलो, तर प्रत्येक जण विचारायचा, "मुकादम कोण?" माणसाचा पत्ता मुकादमाच्या नावानं लागायचा.

मुकादम भला माणूस वाटला. ख्रिस्ती नव्हता, पण "सलाम पाळकसाहेब" म्हणाला, चहा पाजला. मांडीवर त्याचीही एक लांबट वही होती. मी विचारलं, "आमच्या गावचे किती लोक आहेत?"

"तेवीस कोयते."

मला वाटलं, माणसं तेवीस. नंतर कळलं, नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्याला मिळते, हिशेब कोयत्याचा होतो. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधणार, डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. वहीत ओळ एकच. एकटा माणूस आला, तर तो अर्धा कोयता. दुपारी फडात आई मोळी उचलत असताना बांधावर तिच्या तान्ह्याला सांभाळणारी सात वर्षांची पोर कुठल्याच हिशेबात नव्हती.

रात्री नऊला उपासना ठरली. मी झगा चढवला. कंदिलाच्या उजेडात चाळीसेक माणसं जमली, त्यांत शेजारच्या टोळीतली ख्रिस्ती नसलेलीही काही. गीत सुरू झालं आणि मला धक्का बसला. पाच प्रतींची गरजच नव्हती. कृष्णराव सांगळे, ना. वा. टिळक या ख्रिस्ती कवींची पदं या लोकांना सगळ्या कडव्यांसह पाठ होती. ढोलकीवाला पत्र्याच्या डब्यावर ठेका धरून होता. निम्म्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचं धर्मशास्त्र ओव्या-अभंगांच्या चालींतच साठवलेलं होतं.

मग मी उपदेशाला उभा राहिलो आणि माती केली. विषय निवडला होता शब्बाथ. सहा दिवस काम कर, सातवा दिवस देवाचा. मी विचारलं, रविवारी तुम्ही कुठं असता? फडात. गेल्या सहा रविवारांत कितींनी एकत्र प्रार्थना केली? पैशासाठी देवाचा दिवस विकायचा का? आवाज चढलेला मला आवडत होता. कुणी काही बोललं नाही. खाली बघणाऱ्या माणसांना मी पश्चात्तापी समजलो.

आशीर्वाद झाल्यावर एक बाई पुढं आल्या. चाळिशीच्या असतील. पाचटानं कापलेल्या हातांना हळद-तेल लावलेलं होतं. म्हणाल्या, "पाळकसाहेब, राग नका मानू, एक इचारू? रईवारी घरी ऱ्हायलं तर मुकादम खाडा धरतो. पैसं कापतो. तुमी म्हनता, फडात गेलं तर देव खाडा धरतो. मंग आमी सुटायचं कवा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "प्रार्थना करा, ताई," असं काहीतरी पुटपुटलो. त्या रात्री पाचटाच्या अंथरुणावर झोप आली नाही. पहाटे तीनला कोप्याकोप्यांतून भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. चारला सगळा तळ रिकामा.

गावी परतल्यावर मी दहा आज्ञा पुन्हा काढून वाचल्या. शास्त्रात त्या दोनदा येतात, एकदा निर्गमाच्या पुस्तकात आणि एकदा अनुवादाच्या. शब्बाथाची आज्ञा दोन्हीकडे आहे, कारण मात्र वेगळं दिलंय. निर्गमात म्हटलंय, देवानं सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून. अनुवादात म्हटलंय, तुम्ही मिसरात गुलाम होता आणि देवानं तुम्हाला सोडवून आणलं, म्हणून. तुमच्या दासदासींनाही तुमच्यासारखाच विसावा मिळावा, म्हणून. हे मी परीक्षेसाठी शिकलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की ही आज्ञा ज्याच्या घरी दास आहे, बैल आहे, गाढव आहे, त्याला उद्देशून आहे. सुटी देणं ज्याच्या हाती, त्याला. मी ती ज्यांच्या हाती काहीच नाही, त्यांच्या डोक्यावर घातली होती. मोळीच्या वर आणखी एक मोळी.

मग आणखी मागं गेलो. मोशे फारोपुढं उभा राहतो आणि मागतो काय? आधी सुटका नव्हे. आमच्या लोकांना तीन दिवस रानात जाऊ दे, आमच्या देवाचा सण करू दे, एवढंच. फारोचं उत्तर कुठल्याही तळावर ऐकू येईल असं आहे: तुम्ही आळशी झालात, म्हणून उपासना सुचते. आणि तो हुकूम काढतो, की विटांसाठी पेंढा यापुढं मिळणार नाही, तो स्वतः गोळा करा. विटांचा आकडा मात्र तेवढाच पाहिजे. फारोला त्या तीन दिवसांची भीती का वाटली, हे मला त्या तळावरून आल्यावर उमगलं. तीन दिवस जी माणसं विटा पाडत नाहीत, त्यांना कळतं की आपण विटा पाडण्याखेरीजही कुणीतरी आहोत. हिब्रू भाषेत राबणं आणि उपासना करणं यांना धातू एकच आहे. तेव्हा निर्गमाची सगळी कथा एका प्रश्नाभोवती फिरते: चाकरी कुणाची? माणसाला विटांच्या आकड्यात मोजणाऱ्याची, की नावानं हाक मारणाऱ्याची?

समोर माझी वही पडली होती. १४, १३, ११. मीही आकडेच मोजत होतो. खाडेच धरत होतो.

नाताळला पुन्हा तळावर गेलो. झगा नेला, पण उपदेश नेला नाही. गावातून निघण्यापूर्वी घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांकडून नावं लिहून घेतली होती. मध्यस्थीच्या प्रार्थनेच्या वेळी ती एकेक करून वाचली. दावीद, एस्तेर, याकोब, मार्था ही शास्त्रातली. अशोक, कांताबाई, भाऊसाहेब ही मातीतली. बाईचं नाव नवऱ्याच्या नावाला जोडून वाचलं नाही, वेगळं वाचलं. पोरांची वाचली. वाचताना एवढी शांतता पसरली, की बैलांच्या रवंथाचा आवाज येत होता. नंतर एक म्हातारबा म्हणाले, "महिन्या-दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणी नावानं हाक मारली."

उपदेशाऐवजी लूकच्या शुभवर्तमानातून जन्माची गोष्ट वाचली. बाळाला गव्हाणीत ठेवलं, इथपर्यंत आलो आणि पुढं बसलेल्या पाच-सहा वर्षांच्या पोरानं मध्येच विचारलं, "कारखान्याच्या गव्हानीत?"

सगळे हसले. कारखान्यात ऊस ज्या पट्ट्यावर टाकतात आणि जिथून तो चरकात जातो, त्यालाही गव्हाणच म्हणतात. हंगामाच्या सुरुवातीला तिच्यात मोळी टाकायला पुढारी येतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. त्या पोरानं जन्मापासून तेवढीच गव्हाण ऐकली होती. मी "नाही रे, बैलांची" म्हणणार होतो, पण थांबलो. कारण पोराचा प्रश्न चुकीचा असेल, कल्पना चुकीची नव्हती. जिथं सगळं पिळून निघतं, नेमक्या त्या जागी देवानं आपलं मूल आणून ठेवलं, हे मी चार वर्षं शिकूनही इतक्या थोड्या शब्दांत सांगितलं नसतं.

मग प्रभुभोजन. मनुका उकळून केलेला रस बाटलीत होता, पाव मात्र एसटीच्या गर्दीत चेंगरून भुगा झाला होता. मी गोंधळलो. त्या खाडा विचारणाऱ्या ताईंनी फडक्यातून सकाळची भाकरी काढून दिली. शिस्तीच्या पुस्तकात हे बसतं की नाही, याचा विचार मी अजूनही करतो. त्या रात्री केला नाही. भाकरी मोडली. पेला एकच होता, तो ओळीनं फिरला. आमच्या मंडळीत दोन वेगवेगळ्या जातींतून आलेली घरं आहेत. लग्नं अजूनही आपापल्यात होतात, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहापानावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादात सापडावं लागलं. पेल्याला आपल्याकडे एवढं वजन. आणि तिथं, कोपीच्या दारात, एकाचा उष्टा पेला दुसरा ओठाला लावत होता. उपासनेनं जात मोडली, असं मी म्हणणार नाही. पण वर्षातून काही वेळा ती आमचे हात धरून मोडण्याची तालीम करून घेते. रोजच्या जगण्यात जे अजून आलेलं नाही, ते तिथं आधी करून बघता येतं.

प्रभुभोजनानंतर गीत चालू असताना एक तरुण बाई बसल्या बसल्या झोपली. मान शेजारणीच्या खांद्यावर कलंडली. नवऱ्यानं कोपरखळी मारायला हात उचलला, तर शेजारीण म्हणाली, "असू दे. दिसभर उभी व्हती." तीन आठवड्यांपूर्वी हे माझ्या उपदेशाच्या वेळी झालं असतं, तर मला अपमान वाटला असता. त्या वेळी मला एलीया आठवला. रानात झुडपाखाली, जीव नकोसा झालेला. देवदूत येतो, त्याला ना दटावतो ना उपदेश करतो. भाकर आणि पाणी देतो आणि पुन्हा झोपू देतो. पौलाच्या लांबलेल्या उपदेशात त्रोवसला तो युतुख नावाचा पोरगा डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला होता; आमच्या कोपीला मजलेच नव्हते, ही देवाची कृपा. मी आशीर्वाद हळू आवाजात दिला.

उपासना हा शब्द आपण इतका वापरतो, की त्याची फोड करायची विसरतो. उप म्हणजे जवळ, आस् म्हणजे बसणं. जवळ बसणं. काही नेऊन देणं नाही, काही मागून आणणं नाही, आधी नुसतं जवळ बसणं. देवाला आपल्या स्तुतीची भूक नाही. पन्नासाव्या स्तोत्रात तो बजावतोच, की मला भूक लागली तरी मी तुम्हाला सांगायला येणार नाही. मग गरज कुणाला? दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला. ज्याला कुणी कोयता म्हणतं, कुणी मतदार, कुणी लाभार्थी, कुणी उपस्थितीतला एक, त्याला तासभर अशा कुणाजवळ बसायला मिळावं, ज्याच्या लेखी तो नुसता तो आहे. स्तुती, पापांगीकार, दान हे सगळं नंतर येतं, जवळ बसलेल्या दोघांमध्ये बोलणं यावं तसं.

पण जवळ बसून उठल्यावर काय, हा प्रश्न आमोस संदेष्ट्यानं कायमचा विचारून ठेवलाय. तुमच्या सणांचा मला वीट आलाय, गीतांचा गोंगाट थांबवा, आधी न्याय वाहू द्या, असं देव त्याच्या तोंडून बोलतो. मी दर हंगामात तळावर जात राहिलो, तेवढ्यानं कोणाची उचल फिटली नाही, खाडा बंद झाला नाही. दोन-तीनदा मुकादमाशी बोललो. तो म्हणाला, "पाळकसाहेब, मलाबी वर हिशेब द्यावा लागतो." फारोच्या मुकादमांनाही आकडा भरला नाही की फटके बसत, हे मी त्याला सांगितलं. तो हसला, पण नाताळच्या रात्रीनंतरच्या सकाळी टोळीला दोन तास उशिरा नेऊ लागला. एवढंच. मंडळीनं मात्र एक केलं. मागं राहणाऱ्या पोरांसाठी चर्चशेजारच्या खोलीत रात्रीचा अभ्यास आणि जेवण सुरू केलं, म्हणजे आई-बापांबरोबर फडावर जाणारी पोरं थोडी तरी कमी होतील. दानार्पणाचा मोठा वाटा तिकडे जाऊ लागला. लहान गोष्ट आहे. पण ती कुठल्या सभेतून निघाली नाही, नावं वाचण्यातून निघाली. पोरांची नावं मोठ्यानं वाचल्यावर ती कुठं आहेत, हे विचारावंच लागतं.

गावातल्या रविवारच्या उपासनेतही मी बाहेर गेलेल्यांची नावं वाचू लागलो. पहिल्याच रविवारी, आजीजवळ ठेवलेला तिसरीतला एक मुलगा वडिलांचं नाव येताच शाळेच्या सवयीनं ओरडला, "हजर!" म्हातारी हसली. त्याच्या पुढचं, एका बाईंचं नाव मी वाचलं, तर त्यांची सासू हळूच म्हणाली, "हजर." मग ओळच लागली. त्या दिवशी वहीत किती लिहायचे, हे मला ठरवता येईना. शेवटी रकाना कोरा ठेवला.

पुढं ती रीतच पडली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गावात बाकीचे लोक खंडेनवमीला कोयते धुऊन पुजतात. आमच्यात हत्याराची पूजा नाही. पण निघण्याआधीच्या रविवारी आमचे लोक थेट बांधाबांध करून येतात, गोणपाटात गुंडाळलेले कोयते चर्चच्या बाहेर भिंतीला टेकवून ठेवतात आणि आत येऊन बसतात. असं करा म्हणून मी कधी सांगितलं नाही. मला वाटतं, आधी जागेच्या अडचणीनं झालं असेल आणि मग लोकांना आवडलं असेल.

निवृत्तीच्या आधीचा असा शेवटचा रविवार आठवतो. मंडळी गीत गात होती आणि बाहेर ट्रॅक्टरपाशी मुकादम वही काढून उभा होता. ताडपत्र्या, पातेली, कोंबड्यांची खुराडी चढली होती. आशीर्वाद देऊन मी दारात आलो, तेव्हा त्यानं विचारलं, "झालं का, पाळकसाहेब? एकोणीस कोयतं ना औंदा?"

मी माझी वही उघडून दाखवली. अडतीस नावं होती, आणि खाली पोरांची वेगळी.